अंगठ्याखालचा खुनी

वऱ्हाडाच्या कापसावर ग्रंथ झाले, अचलपूरच्या इमादशाहीवर झाले, गाविलगडावर झाले. निजामाने १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या हवाली का केला, यावर तर कपाटं भरली. पण भाड्याने आणलेल्या गुप्तहेरपटाची सीडी नेमकी खुन्याचं नाव उघड होण्याच्या बेतात असताना का अडकते, या प्रश्नाला आजवर एकाही विद्वानाने हात घातलेला नाही. विषय पदार्थविज्ञानाचा, मानसशास्त्राचा की स्वयंपाकघराचा हेच ठरत नसल्यामुळे तो कोणत्याच विभागाच्या दारातून आत गेला नसावा. प्रस्तुत निबंधाचं म्हणणं असं, की तो तिन्हींचा आहे आणि त्याचं उत्तर अंगठ्यात आहे.

आधी व्याप्ती. तऱ्हेवाईक प्रेमळ गुप्तहेरपट कशाला म्हणावं? ज्यात गुप्तहेर पोलिसांपेक्षा बावळट असतो आणि तरी सुगावा त्यालाच लागतो. ज्यात पाठलाग ऐन रंगात आला की गाणं सुरू होतं आणि पळणाराही सौजन्याने थांबतो. ज्यात नायिकेवर पहिला अर्धा तास संशय आणि पुढचा अर्धा तास प्रेम, असा क्रम ठरलेला असतो. आणि ज्यात घरातल्या सगळ्यांची आपुलकीने विचारपूस करणारा गृहस्थच शेवटी बेड्या घालून घेतो. १९७५ चा ‘दो जासूस’, १९८२ चा ‘गोपीचंद जासूस’ (दोन्हींत राज कपूर, दोन्हींत वय लपत नाही) आणि २०१७ चा ‘जग्गा जासूस’ ही ठळक उदाहरणं. राजा परांजप्यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ तऱ्हेवाईक नाही. पण त्यात प्रेम आहे, कोर्ट आहे आणि एकीसारखी दिसणारी दुसरी बाई आहे. त्याला या कुळाचा मूळपुरुष मानायला हरकत नसावी.

व्याप्तीचा दुसरा भाग भूगोलाचा. अभ्यासक्षेत्र अमरावती आणि अकोला. मधलं मूर्तिजापूर सीमावर्ती प्रदेश म्हणून धरलं आहे. हे क्षेत्र निवडायला कारण आहे. अमरावतीकर पत्ता सांगायला लागला की राजकमल, चित्रा, प्रभात, श्याम अशी टॉकीजांची नावं चौक म्हणून येतात, आणि नवख्या पाहुण्याला वाटतं, हा रस्ता सांगून राह्यला की मॅटिनीची जाहिरात वाचून राह्यला. टॉकीज चालो न चालो, चौक चालूच आहे. दुसरं कारण अधिक गंभीर. मध्यप्रांत-वऱ्हाड नावाचा प्रांत संपून जमाना झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात. सिनेमाच्या धंद्याला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. तिथल्या हिशेबात ‘सीपी बेरार’ नावाचं वितरणक्षेत्र अजून सुखाने नांदतं आहे आणि चित्रपटाची कमाई त्या मेलेल्या प्रांताच्या नावावर जमा होते. या प्रांतातल्या वितरकांचं अमरावती हे जुनं ठाणं. म्हणजे गुप्तहेरपट इथे येतो तोच मुळी एका बेपत्ता प्रांतात.

आता मुख्य विषय. चित्रपटगृहात रहस्य हे निर्मात्याच्या मालकीचं असतं. १९६० साली हिचकॉकने ‘सायको’ लावला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा नियम केला. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या ‘माउसट्रॅप’ नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, की बाहेर जाऊन खुनी कोण ते सांगू नका. आणि ते इंग्रज लोक म्हणे ऐकतात. वऱ्हाडात ही विनंती करून पाहायला हवी होती. तीनच्या खेळाहून बाहेर पडलेला माणूस सहाच्या रांगेसमोरून जाताना मोठ्या मनाने ओरडतो, “अबे, थो मुनीमच हाय!” यात दुष्टावा नसतो. त्याला कळलंय ते दुसऱ्यालाही कळावं, आपल्याकडे ठेवून काय करायचं, एवढाच भाव असतो. अकोल्याच्या माणेक किंवा वसंत टॉकीजसमोर तिकिटाच्या रांगेत उभं राहून कानात बोटं घालणारा माणूस दिसला, तर तो वेडा नसून गुप्तहेरपटाचा सच्चा रसिक समजावा.

घरात पाहण्याची सोय आली ती या पार्श्वभूमीवर. १९८२ च्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्ही आणला, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि दोनच वर्षांत, १९८४ साली, सरकारला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा समावेश करावा लागला. सरकार एवढ्या घाईने क्वचितच हलतं. मुंबईत शेमारू नावाची कंपनी १९६२ साली पुस्तकं वाचायला देणारी लायब्ररी म्हणून निघाली होती. १९७९ साली तिने कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. हा दुवा संशोधकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा अशाच लायब्रऱ्यांतून घरोघर फिरल्या. त्यांतल्या एखाद्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणा पुण्यवंताने पेन्सिलीने ‘खुनी = डॉक्टर’ असं लिहून ठेवलेलं नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल? भाड्याच्या रहस्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा हात फिरलेला असतो, हे तत्त्व पुस्तकाकडून कॅसेटकडे असं वारसाहक्काने आलं.

व्हीसीआरची रात्र वऱ्हाडात कशी साजरी होत असे, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा रात्रभराचा जुडगा मिळे. अंगणात सतरंज्या, म्हाताऱ्यांना खाटा, टीव्ही टेबलावर आणि टेबल ओट्यावर. पहिली कॅसेट देवाची, नाही तर कौटुंबिक रडारडीची. ती आजी-आजोबांच्या वाट्याची. दुसरी मारामारीची, ती सगळ्यांची. गुप्तहेरपट नेहमी तिसरा. त्याची पाळी यायची ती रात्री दोनच्या पुढे. तोवर अर्धं अंगण आडवं झालेलं असे, आणि पहिला खून होईस्तोवर उरलेलंही. खुन्याला बेड्या पडताना जागा असलेला माणूस बहुधा एकच: सकाळी व्हीसीआर दुकानात परत पोचवायची जबाबदारी ज्याच्या गळ्यात असे तो घरचा पोरगा. दुसऱ्या दिवशी नळावर जी चौकशी चाले ती अशी:

“काहून रे, कोन होता मंग खुनी?”

“तुम्ही झोपून गेले होते न, मावशी.”

“म्या कायले झोपतो! डोये मिटून आयकून राह्यली होती. सांग.”

“थो मामा.”

“मले पयल्यापासूनच वाटत होतं बाप्पा.”

या पोराने खरं सांगितलं की खोटं, हे तपासायची सोय कोणालाच नव्हती. कॅसेट परत गेली होती. एका आख्ख्या गल्लीचं न्यायदान एका जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांच्या पोरावर अवलंबून राहत असे. त्याने मामाच्या जागी पोस्टमन सांगितला असता, तर त्या गल्लीत पोस्टमनच फाशी गेला असता. वऱ्हाडाच्या लोकस्मृतीत कित्येक निरपराध पात्रांना खुनी ठरवलं गेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांच्यासाठी अपील कोर्ट नाही.

पुढचा मुद्दा रिवाइंडचा. प्रत्येक दुकानात पाटी असे: कॅसेट रिवाइंड करून आणावी, अन्यथा दंड. ही पाटी केवळ दुकानदाराच्या सोयीसाठी होती असं मानणारे लोक उथळ आहेत. कॅसेट आधीच्या गिऱ्हाइकाने जिथे सोडली तिथेच सुरू होते. मारामारीच्या पिक्चरमध्ये त्याने काही बिघडत नाही. शेवटी नायक जिंकतो हे पोस्टरवरूनच कळलेलं असतं. पण गुप्तहेरपट न गुंडाळता आला, तर पडद्यावर पहिलं दृश्य दिसे ते खुन्याच्या मुसक्या बांधण्याचं. त्यानंतर पूर्ण रिवाइंड होईपर्यंत घरात जी शांतता पसरे ती सुतकातली. उलट बाजूने, फीत मध्येच थांबलेली आढळली तर चाणाक्ष गिऱ्हाईक तेवढ्यावरून आधीच्या घराचं वर्तन ओळखत असे: पाऊण तासावर थांबली तर वीज गेली, दीड तासावर थांबली तर झोप लागली, शेवटच्या गाण्याआधी थांबली तर पाहुणे उठले आणि त्यांना बसस्टँडवर सोडायला जावं लागलं. गुप्तहेरपटातला गुप्तहेर जे अनुमान करतो, त्याहून हे काकणभर सरसच.

आणि पुराव्याचा कळस म्हणजे मुंग्या. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. ती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते आणि यंत्रातला दंडगोल मिनिटाला १५०० फेरे घेत तिच्यावरून हेड फिरवतो. ‘पॉज’ दाबला की फीत थांबते, हेड थांबत नाही. ते एकाच जागी घासत राहतं. एकच जागा शंभर घरांत शंभरदा थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली, की तिथला लेप झिजतो आणि पडद्यावर पांढऱ्या मुंग्या धावू लागतात. मग कोणी तरी ट्रॅकिंगचं चाक फिरवतं, कोणी हेड घाण झालं म्हणून कोरी करकरीत नोट त्यावर घासतं. मुंग्या जात नाहीत, कारण दोष हेडचा नसतोच. दोष आधीच्या शंभर घरांच्या जीव गुंतण्याचा असतो. अशा मुंग्या गुप्तहेरपटात कुठे दाट असत? जिथे नायकाला टेबलाखाली सिगारेटचं थोटूक सापडतं तिथे नाही. जिथे घड्याळ दहा मिनिटं पुढे असल्याचं त्याच्या लक्षात येतं तिथेही नाही. त्या जागी चित्र आरशासारखं स्वच्छ. मुंग्या असत गाण्यात. नायिका भिजली की पिवळ्या साडीच्या जागी वारूळच.

यावर पूर्वपक्ष असा, की सुगावा पुन्हा पाहायची गरजच काय. वऱ्हाडी माणसाला तो एका नजरेत कळतो, म्हणून तिथे फीत झिजत नाही. हा पूर्वपक्ष अभिमानाचा असला तरी टिकत नाही. तपासायला बिनगाण्यांचे रहस्यपट घ्यावेत: बी. आर. चोप्रांचा १९६० चा ‘कानून’, यश चोप्रांचा १९६९ चा ‘इत्तेफाक’. दोन्हींत गाणं नाही, म्हणून मुंग्या असल्याच तर सुगाव्यावरच असायला हव्यात. प्रत्यक्षात या कॅसेटी नव्या कोऱ्या राहत, कारण त्या कोणी नेत नसे. “गाने नाई तं पिक्चर कायचा,” हे दुकानातलं वाक्य निर्णायक मानावं लागतं. सबब, गुप्तहेरपटात वऱ्हाडाने प्रेम पाहिलं, तपास सोसला.

इथे एक टीप मजकुरातच देतो, कारण राहवत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हिशेब केला तर रस्ता सेकंदाला सुमारे पावणेवीस सेंटिमीटर या वेगाने पुढे सरकत होता. म्हणजे व्हीएचएसच्या फितीच्या आठपटींहून थोडा अधिक. तेवढ्याच वेळात व्हीसीआर अखंड चालवला असता तर फीत नऊ किलोमीटरही गेली नसती. ज्यांना वाटतं की सरकारी कामं पिक्चरपेक्षा सावकाश चालतात, त्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. या टीपेचा निबंधाशी संबंध नाही.

भाषेची भिंत रहस्याला वाचवते काय, हाही एक उपप्रश्न आहे. ‘पाठलाग’ निघाला जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून. १९६६ साली राज खोसलांनी त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ केला. अमरावती-अकोल्यात मराठी आणि हिंदी दोन्ही पिक्चर एकाच दुकानात, एकाच फळीवर. ज्याने एक पाहिला त्याला दुसऱ्यातलं सगळं ठाऊक. पण गंमत अशी, की असे दुहेरी प्रेक्षक बिथरत नसत. ते ‘मेरा साया’तल्या साधनाला पाहताना शेजाऱ्याला खालच्या आवाजात सांगत, “आता पाहा, आता ते कोर्टात काय बोलते.” रहस्य फुटलेला गुप्तहेरपट हा त्यांच्या दृष्टीने कीर्तनासारखा असे, कथा ठाऊक असण्यातच बैठकीचा मान.

आता सीडी. आणि अंगठा.

व्हिडिओ सीडीचं मानक १९९३ साली ठरलं. बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी, तीवर ७४ मिनिटं, फार ताणलं तर ८०. पिक्चर अडीच तासांचा, म्हणून तबकड्या दोन. २००७ साली मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा दोन आलूबोंडे कमी खाल्ले की पिक्चर घरी येऊ लागला. कॅसेटीत पिक्चरचा शेवट रिळाच्या पार गाभ्यात गुंडाळलेला असतो. खुनी तिथे सुखरूप असे, हवा लागत नसे. सीडीचा न्याय उलटा. तिच्यावरची माहिती मधल्या भोकाकडून सुरू होते आणि वेढे घेत बाहेरच्या कडेकडे जाते. माहितीची पहिली ओळ मध्यापासून २५ मिलिमीटरवर, शेवटची ५८ मिलिमीटरवर. वेग सारखा आणि वेढे मोठे होत जाणारे, त्यामुळे बाहेरच्या बाजूला थोड्या जागेत पुष्कळ मजकूर मावतो. तबकडी पूर्ण भरलेली असेल, तर शेवटची दहा मिनिटं मावतात ती कडेच्या फक्त सव्वातीन मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत. दोन हजार वेढ्यांची ती पट्टी. दुसऱ्या तबकडीच्या त्या पट्टीत काय असतं? सगळे एका दिवाणखान्यात जमलेले असतात, गुप्तहेर टोपी काढतो आणि बोट दाखवतो.

आणि माणूस सीडी धरतो कुठे? कडेला.

यावर कोणी म्हणेल, ठशाने काय होतं? खरंच, नुसत्या ठशाला यंत्र जुमानत नाही. किरण १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक थरातून आत जाऊन मग एका बिंदूवर येतो; वरचा डाग त्याला धूसर दिसतो, आणि गहाळ झालेला मजकूर गणिताने भरून काढायची सोयही यंत्रात असते. पण हा बचाव परदेशी कोरड्या अंगठ्यासाठी रचलेला आहे. वऱ्हाडातला अंगठा कोरडा नसतो. पिक्चर लागायच्या आधी अमरावतीत गिलावडा झालेला असतो, अकोल्यात शेगावची कचोरी झालेली असते, आणि दोन्हीकडे कोणाच्या तरी घरून सांबारवडी आलेली असते. तेलाचा अंगठा कडेला बसतो, त्यावर कूलरच्या वाऱ्याने उडालेली धूळ बसते, सीडी पाकिटातून आत-बाहेर होताना ती धूळ ओरखडे काढते. आठव्या-दहाव्या गिऱ्हाइकापर्यंत गुप्तहेराचं बोट उठतं आणि तिथेच गोठतं. चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज “खु… खु… खु…” करत राहतो.

या ठिकाणी इतिहासाने केलेली थट्टा नोंदवलीच पाहिजे. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं सरकारी कार्यालय १८९७ साली कलकत्त्याला निघालं. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा हात होता; नाव झालं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. ज्या देशात ठशावरून गुन्हेगार पकडायची विद्या आकाराला आली, त्याच देशात शंभरेक वर्षांनी ठशामुळे गुन्हेगार सुटू लागला.

अंगुष्ठसिद्धान्ताला एक सुंदर उपसिद्धान्त आहे. त्याला लांबीचा नियम म्हणता येईल. पिक्चर दोन तबकड्यांत ठासून बसणारा असेल, तर खुनी कडेला, म्हणजे अंगठ्याखाली. पण पिक्चर लांबला आणि तिसरी तबकडी लागली, तर त्या तबकडीवर उरलेली वीसेक मिनिटंच असतात. ती मध्यापासून सुमारे ३७ मिलिमीटरवर संपतात. कडेपासून खुनी दोन बोटं आत, अंगठ्याच्या टप्प्याबाहेर. म्हणून रहस्यपट भाड्याने नेताना कथा, नट, संगीत काही न पाहता पाकिटात तबकड्या किती ते पाहावं. तीन असतील तर खुनी सापडेल. जो दिग्दर्शक दोन गाणी जास्त घालून पिक्चर लांबवतो, त्याला समीक्षक झोडतात. पण उघड आहे, की त्या दोन गाण्यांनीच न्याय होतो.

सीडी अडकली की पुसणं आलं. शास्त्र सांगतं, की मध्याकडून कडेकडे सरळ पुसावं. गोल गोल पुसल्याने पडणारा ओरखडा माहितीच्या वेढ्याच्या दिशेनेच जातो आणि ती सलग खाऊन टाकतो. वऱ्हाडात झाडून सगळे गोल पुसतात. एक पंथ बनियनने, एक पंथ पदराने. तिसरा पंथ आधी तोंडाची वाफ देणारा. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा सत्तेचाळीसच्या आसपास असताना वाफ वेगळी द्यायची गरज काय, हे त्या पंथाने कधी स्पष्ट केलं नाही. दुकानदार तर याहून पुढे. तो सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने दाबून नंबर लिही. वस्तुतः चकाकणारा थर त्या बाजूला अगदी वर असतो, पारदर्शक बाजूपेक्षा कितीतरी नाजूक. पेनचं टोक तिथे टेकलं, की एखादं पात्र पाठीमागून भोसकलं जातं. कथेत नसलेले कितीएक खून असे काउंटरवर झाले, त्यांचा तपास कोणत्याच गुप्तहेराने केला नाही.

भारनियमनाबद्दल लांबण लावत नाही. एवढंच, की वीज गेल्यावर कॅसेट जिथल्या तिथे थांबून राही आणि तीन तासांनी वीज आली की गुप्तहेर आपलं अर्धं वाक्य पूर्ण करी. साधा सीडी प्लेयर मात्र सगळं विसरून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापासून पुन्हा सुरू होई. त्यामुळे वऱ्हाडात असे प्रेक्षक निपजले, ज्यांना अमुक पिक्चरची पहिली चाळीस मिनिटं तोंडपाठ आहेत आणि पुढचं काहीच ठाऊक नाही. त्यांच्या लेखी अजून सगळेच संशयित आहेत.

आता ‘जग्गा जासूस’. अनुराग बसूचा हा पिक्चर १४ जुलै २०१७ ला लागला आणि तिकीटबारीवर आपटला. या निबंधाच्या दृष्टीने मात्र तो धर्मग्रंथ आहे. यातला पोरगेला गुप्तहेर तोतरा. बोलायला गेला की अडतो, म्हणून गाऊन बोलतो. म्हणजे सुगावाही गाण्यातच सापडतो, आणि मुंग्यांच्या अभ्यासाने जे सिद्ध केलं ते बसूंनी पटकथेतच मान्य केलं: तपास हवा असेल तर तो गाण्यात घाला, नाही तर कोणी पाहणार नाही. नायिका धांदरट आणि अपशकुनी. ती जिथे जाते तिथे काही तरी कोसळतं. प्रीतमच्या संगीताला आणि अमिताभ भट्टाचार्यच्या एका गीताला फिल्मफेअरही मिळालं. पण मुख्य गोष्ट वेगळीच. जग्गाचा बाप परागंदा आहे, आणि दर वाढदिवसाला त्याच्याकडून टपालाने एक व्हिडिओ कॅसेट येते. एका वर्षी ती येत नाही, आणि तिथून खरा पिक्चर सुरू होतो. हा गुप्तहेर घरी आलेल्या कॅसेटवर वाढलेला गुप्तहेर आहे. त्याचं सगळं शिक्षण, सगळं प्रेम त्या फितीतून आलेलं.

आणि काळ कसा गाठला पाहा. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची ठाऊक कंपनी. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. बरोबर एक वर्षाने, पुढच्या जुलैत, कॅसेटची वाट पाहणारा हा पोरगा पडद्यावर आला. तोवर अमरावती-अकोल्यातली भाड्याची दुकानं मोबाइल रिचार्जची झाली होती. काउंटर तोच, काच तीच, आत सीडींच्या जागी मोबाइलची कव्हरं. टॉकीजमध्ये हा पिक्चर पाहताना एखाद्या दहा वर्षांच्या पोराने बापाला विचारलं असेल, “पप्पा, त्या डब्ब्यात काय असते?” तर तो प्रश्न रास्तच होता. तसाही हा पिक्चर पावणेतीन तासांच्या घरातला. दोन तबकड्यांत बसता बसला नसता. लांबीच्या नियमाने त्याचा खलनायक अंगठ्यापासून सुरक्षित होता. पण नियमाचा उपयोग व्हायला दुकानात तबकडी तरी हवी.

दरम्यानच्या काळात मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायचा उद्योग चालला. तो बेकायदाच होता, पण शास्त्र कायद्यासाठी डोळे मिटत नाही. “कार्डात काय टाकू भाऊ?” असं दुकानदार विचारी आणि गिऱ्हाईक म्हणे, “जागा भरे लोक टाक.” पिक्चर निवडण्याची जुनी पद्धत, पाकिटावरचं चित्र, तबकड्यांची संख्या, दुकानदाराचा सल्ला, हे सगळं त्या एका वाक्यात मोडीत निघालं. गुप्तहेरपट कार्डात शिरला तो कोणी मागितला म्हणून नव्हे, जागा उरली म्हणून.

आणि अंगठा? तो गेलेला नाही. तो कडेवरून काचेवर आला. आता पडद्याच्या उजव्या अंगाला अंगठ्याने दोन टिचक्या मारल्या की पिक्चर दहा सेकंद पुढे सरकतो. नवी पिढी या टिचक्या गाण्यावर मारते असं दिसतं. पिवळी साडी भिजायच्या आत पुढे, छत्री उघडायच्या आत पुढे, थेट दिवाणखान्यात, गुप्तहेराच्या बोटापाशी. म्हणजे वऱ्हाडाचा स्वभाव उलटा फिरला, प्रेमिकाचा गुप्तहेर झाला, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण पुराव्याअभावी तो राखून ठेवावा लागतो. पूर्वी कोणतं गाणं किती घरांत थांबवलं गेलं, हे मुंग्यांवरून कोणालाही फुकट दिसे. आताही कोण कुठे थांबला, कोण कुठून पळाला, याची नोंद टिचकीगणिक होते. फक्त ती दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात होते आणि काउंटरवर मांडली जात नाही.

म्हणून जुन्या नमुन्यांना आता मोल आलं आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ज्यांच्या माळ्यावर, कोठीत किंवा लग्नातल्या बस्त्याच्या पेटीत गुप्तहेरपटाची कॅसेट अजून पडून असेल, त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी खाली काढावी. ओलीत फितीला बुरशी धरते. सीडी असल्यास पुसू नये, अंगठा आहे तसा राहू द्यावा. कॅसेट असल्यास तिच्या खिडकीतून डावं रीळ किती भरलं आहे आणि उजवं किती, तेवढं पाहून कळवावं. आणि कोणत्याही परिस्थितीत रिवाइंड करू नये.